हुंडेकरी ते फास्टॅग : टोलची जुनी गोष्ट आणि आपली पट्टी



वाटाण्याचा शेवटचा तोडा होऊन आठ दिवस झाले. पाऊस काही उघडत नाही, रानात वापसा नाही, म्हणून दोन दिवस घरात बसून हंगामाच्या पट्ट्या लावत होतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं. आमच्या टेम्पोवाल्याची पद्धत अशी की भाडं वेगळं लिहितो आणि टोल वेगळा लिहितो. दरवर्षी त्या टोलच्या आकड्यावर माझी नजर कधी थांबली नव्हती. यंदा थांबली, कारण भाव पडलेला होता. भाव चांगला असला की माणूस पट्टी बघत नाही, नुसती खालची रक्कम बघतो.

आमचा माल कोरेगाव भागातून निघतो, साताऱ्याला हायवेला लागतो, आनेवाडी, खेड-शिवापूर, मग पुण्याला वळसा घालून द्रुतगती मार्ग आणि वाशी. एका टेम्पोत चार घरांचा माल होता. मी चौघांच्या पट्ट्या गोळा केल्या आणि टोलची बेरीज केली. मग टेम्पोच्या ड्रायव्हर पोराला विचारलं, "बाबा, टोलच्या पावत्या दाखव."

ते हसलं. "तात्या, पावती आता कुठं असती? डबा वाजतो, गाडी जाते. मेसेज मालकाच्या फोनवर येतो."

मालकाकडं गेलो. माणूस ओळखीचा आहे, वाईट नाही. त्यानं फोन काढला, त्या खेपेचे जाता-येताचे सगळे मेसेज दाखवले. बेरीज केली. चौघांच्या पट्ट्यांतला टोल आणि खरोखर कापलेला टोल यात साडेचारशे रुपयांचा फरक निघाला. त्यालाच आश्चर्य वाटलं. म्हणाला, "तात्या, रोखीच्या काळात सुट्टे, चहापाणी धरून मी ठोक आकडा लावायचो. तोच लावत आलो." त्यानं चौघांचे पैसे परत केले. भांडण नाही, काही नाही. पाच मिनिटांत मिटलं.

घरी येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हे मिटलं का? कारण मोजलेलं होतं, आणि मोजलेलं आम्हाला बघायला मिळालं. मग म्हटलं, या टोलची सगळी गोष्टच एकदा लिहून काढू. थोडी लांब आहे. पण सध्या आपल्याकडं वेळ आहे, पाऊस आहे.

आधी जकात, मग टोल

रस्त्यावर माल अडवून पैसे घेणं आपल्याकडं नवीन नाही. पेशवाईत जकात होती. माल भरला तिथं थळभरीत, माल विकला तिथं थळमोड, आणि मधल्या वाटेवर जकातीची ठाणी. ठाण्याची वसुली बऱ्याच ठिकाणी मक्त्यानं दिलेली असायची. म्हणजे एका माणसानं सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि मग लोकांकडून वसूल करत बसायचं. कमी आलं तर त्याचं नुकसान, जास्त आलं तर त्याचा फायदा.

१८१८ ला पेशवाई गेली. दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याकडं आला. त्यानं १८१९ मध्ये या मुलखाबद्दल एक मोठा अहवाल लिहिला. त्यात या जकातीच्या जाचाबद्दल लिहिताना त्यानं हुंडेकऱ्यांची माहिती दिली आहे. हुंडेकरी म्हणजे काय? व्यापाऱ्यानं एकदाच ठरलेली रक्कम हुंडेकऱ्याला द्यायची, आणि हुंडेकऱ्यानं तो माल सगळ्या ठाण्यांतून पार करून द्यायचा. ठाण्याठाण्यावर थांबणं नाही, हुज्जत नाही. हुंडेकरी हे आडनाव आजही आपल्या भागात आढळतं.

आता सांगा, हा दोनशे वर्षांपूर्वीचा फास्टॅग झाला की नाही? पैसे आधी भरा आणि न थांबता जा. पण यात एक मेख होती. कुठल्या ठाण्यावर किती गेले हे व्यापाऱ्याला कळायचं नाही. त्याला हुंडेकऱ्याची एक रक्कम माहीत. आणि व्यापाऱ्याच्या मागं असलेल्या कुणब्याला तर तीही माहीत नसणार. त्याला फक्त त्याच्या मालाचा भाव माहीत.

इंग्रजांनी पुढं १८३० च्या दशकात देशांतर्गत मालावरची वाटेतली जकात बंद केली. पण त्याच काळात चाकाचे रस्ते सुरू झाले. खंडाळ्याचा बोरघाट गाडीवाटेनं खुला झाला तो १० नोव्हेंबर १८३० ला, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. त्याआधी घाटातून माल जायचा तो बैलाच्या पाठीवर. रस्ता झाला की रस्त्याचा खर्च आला, आणि खर्च आला की टोल आला. १८७५ मध्ये मुंबई सरकारनं रस्ते आणि पूल यांच्यावरच्या टोलसाठी वेगळा कायदा केला. त्यात टोल वसुली मक्त्यानं द्यायची सोयही होती.

जकात आणि टोल यातला फरक इथं लक्षात घ्या. जकात मालावर, टोल गाडीवर. जकातीत पोत्यात काय आहे ते बघत. टोलला पोत्यात सोनं आहे की वाटाणा याच्याशी देणंघेणं नाही. गाडीचा वर्ग बघायचा आणि पैसे घ्यायचे. सोन्यासारख्या मालाला हे परवडतं. चाळीस रुपये किलोचा माल दहा रुपयांवर आला तरी टोल तेवढाच.

द्रुतगती मार्ग आणि मक्ता

आपल्या पिढीनं बघितलेला टोल सुरू होतो १९९० नंतर. सरकारकडं रस्त्याला पैसे नाहीत, मग खाजगी ठेकेदारानं रस्ता बांधायचा आणि टोल घेऊन पैसे काढायचे, हे धोरण आलं. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. त्यांनी मुंबईतले उड्डाणपूल बांधले आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधला. साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी. तो २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. सातारा-सांगली भागातल्या भाजीपाल्याला त्याचा फायदा झाला, हे मी नाकारत नाही. पूर्वी जुन्या घाटात गाडी अडकली की माल रात्रभर तिथंच. पहाटेचा बाजार हुकला की मालाची माती.

मग २००४ मध्ये काय झालं? महामंडळानं द्रुतगती मार्गाचा आणि शेजारच्या जुन्या महामार्गाचा टोल १५ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला दिला. कंपनीनं ९१८ कोटी रुपये एकरकमी दिले. सरकारला एकदम पैसे मिळाले, कर्ज फेडता आलं. कंपनीला १५ वर्षं वसुलीचा हक्क मिळाला. नाव कंत्राट, पण पद्धत पेशवाईतल्या मक्त्याचीच.

आणि टोलचे दर दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढायचे, हे त्याच वेळी ठरलं. १ एप्रिल २०२३ ला शेवटची वाढ झाली तेव्हा पूर्ण अंतराला मोटारीचा टोल २७० चा ३२० झाला आणि टेम्पोचा ४२० चा ४९५. म्हणजे आमच्या टेम्पोला द्रुतगती मार्गाचे जाऊन-येऊन ९९० रुपये, येताना गाडी रिकामी असली तरी. सातारा-पुणे हायवेवरचे नाके वेगळे.

२०१९ मध्ये ती १५ वर्षं संपली. २०२० मध्ये पुन्हा करार झाला. या वेळी १० वर्षं २ महिन्यांसाठी ८,२६२ कोटी रुपये, टप्प्याटप्प्यानं द्यायचे. ९१८ ला ९ नं गुणून बघा. बरोबर ८,२६२ येतात. मुदत कमी, रक्कम नऊपट. रुपयाची किंमत उतरली, गाड्या वाढल्या, दर वाढले, हे सगळं धरूनही शेतकऱ्याच्या मनात प्रश्न येतोच. मक्ता घेणाऱ्याला अंदाज असल्याशिवाय तो एवढी बोली लावेल का? तो अंदाज कशावरून येतो? गाड्यांच्या मोजणीवरून.

म्हणजे टोलमधली खरी वस्तू रस्ता नाही, पैसाही नाही. खरी वस्तू मोजणी आहे. किती गाड्या गेल्या हे ज्याला माहीत, त्याच्या हातात हिशोब.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या काही जागरूक लोकांनी माहिती अधिकारात कागद काढले, नाक्याजवळ उभं राहून गाड्या मोजल्या, खर्च केव्हाच वसूल झाला असं म्हणत उच्च न्यायालयापर्यंत गेले. सगळं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. तुमची मोजणी खरी की आमची?

डबा कसा आला

आता यंत्राकडं येऊ. गाडी न थांबवता टोल घ्यायची कल्पना जुनी आहे. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं १९५९ मध्येच अमेरिकेत अशी कल्पना मांडली होती की गाडीत एक यंत्र बसवावं, रस्त्याला ते ओळखू यावं आणि महिन्याचं बिल घरी यावं. पुढं १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण कल्पना प्रत्यक्षात यायला तीस वर्षं गेली.

अमेरिकेत टोलच्या रस्त्याला टर्नपाइक म्हणतात. जुन्या काळी रस्त्यात आडवा फिरता दांडा असायचा, पैसे दिले की तो फिरवायचे, त्यावरून ते नाव. तिथल्या ओक्लाहोमा राज्यात अशा रस्त्यांचं मोठं जाळं आहे. ओक्लाहोमा म्हणजे गव्हाचा आणि गुरांचा मुलुख, आपल्यासारखीच शेतकरी माणसं. तिथं १ जानेवारी १९९१ ला पाइकपास नावाची पद्धत सुरू झाली. काचेला चिप, आणि गाडी वेग कमी न करता पुढं. आता तर तिथले रोख पैसे घेणारे नाके बंद झाले. चिप नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं.

पण मला त्या राज्याची वेगळीच गोष्ट सांगायची आहे. तिथला पहिला टर्नपाइक १९५३ मध्ये सुरू झाला, ओक्लाहोमा सिटी ते टल्सा. लोकांची समजूत अशी होती की कर्ज फिटलं की रस्ता फुकट होणार. पण १९५४ मध्ये मतदान घेऊन नवे टर्नपाइक बांधायचं ठरलं, आणि एका रस्त्याचा टोल दुसऱ्या रस्त्याच्या कर्जाला जोडला गेला. म्हणजे आपल्या विहिरीचं कर्ज फिटत आलं की त्याच सातबाऱ्यावर भावाच्या विहिरीचं कर्ज चढवायचं. त्यामुळे तो पहिला रस्ता आजही टोलचाच आहे. याउलट केंटकी नावाच्या राज्यानं जसजसं कर्ज फिटलं तसतसे आपले रस्ते मोकळे केले आणि २००६ मध्ये अशा रस्त्यांवरचा शेवटचा टोल बंद केला.

दोन्हीकडं रस्ते चांगले, दोन्हीकडं लोक टोल भरत होते. फरक यंत्रात नव्हता. कर्ज फिटलं की काय करायचं, या ठरावात होता.

आपल्याकडं २०१० मध्ये केंद्र सरकारनं नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. देशभर एकच पद्धत असावी म्हणून त्यांनी चिपचा स्वस्त प्रकार सुचवला. त्यात बॅटरी नाही. नाक्यावरच्या अँटेनातून लहरी येतात, त्याच लहरींच्या जोरावर काचेवरची चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. चिपमध्ये पैसे नसतात, फक्त नंबर असतो. तो नंबर आणि गाडीचा वर्ग बँकांच्या यंत्रणेतून जुळवला जातो, खात्यातून पैसे कापले जातात, आणि आपल्याला मेसेज येतो. कुठला नाका, किती वाजता, किती रुपये.

२०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर याची सुरुवात करून बघितली. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी गाडीला फास्टॅग लावूनच द्यायचं ठरलं. १५ डिसेंबर २०१९ पासून राष्ट्रीय महामार्गाच्या बहुतेक रांगा फास्टॅगच्या झाल्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टॅग नसेल तर दुप्पट. आणि आपल्या राज्याच्या अखत्यारीतल्या सगळ्या टोल नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून तेच लागू झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गावर टॅग नसलेल्याला युपीआयनं दिले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पट असं ठरलं.

रांग कमी झाली, हे खरं. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. सुट्ट्याच्या बदल्यात चॉकलेट हातावर ठेवायचे, ते गेलं. ड्रायव्हर लोकांची रात्री-अपरात्रीची बाचाबाची कमी झाली. रात्री नाक्यावर उभी राहणारी आमच्या गावाकडची पोरंही कमी झाली, त्यांनी दुसरं काम बघितलं. वाटाण्यासारख्या मालाला नाक्यावर वाचलेला अर्धा तास म्हणजे बाजारातला भाव आहे. म्हणून मी टॅगच्या विरोधात नाही. कुणी तसा अर्थ काढू नका.

रांग गेली, तशी भांडायची जागाही गेली

पण एक गोष्ट बघा. कोल्हापूरचं आंदोलन आठवतंय का? शहरातलेच रस्ते केले आणि शहराच्या वेशीवर टोल बसवला. लोक म्हणाले, देणार नाही. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसं रस्त्यावर उतरली. कित्येक महिने चाललं. शेवटी २०१५ च्या अखेरीला सरकारला तो टोल रद्द करायची घोषणा करावी लागली. का जमलं? कारण नाका डोळ्यासमोर होता. पैसे हातानं द्यावे लागत होते. हात आखडता घेता येत होता.

डब्यात हात आखडता घेता येत नाही. पैसे आधीच भरलेले असतात. उद्या तर नाकाच राहणार नाही, रस्त्यावर नुसती कमान असेल आणि खालून गाड्या पळतील, त्याची तयारी देशात सुरू आहे. मग कमानीला जाऊन काय बोलणार?

आणि आमच्या एका खेपेत दोन मालकांचे रस्ते येतात. साताऱ्याकडून पुण्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग, पुढं द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाचा. पूर्वी पावत्या वेगळ्या हातात यायच्या. आता सगळे मेसेज सारखेच. कुणाचं किती, हे बघायला कुणी थांबत नाही.

आता सवलतीचा इतिहास बघा. मोजणी का मागायची ते त्यात कळतं.

२०१५ मध्ये राज्य सरकारनं १२ टोल नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर १ जूनपासून मोटारी आणि एसटीला सूट दिली. एसटीला दिली ते चांगलंच झालं, आपली पोरं एसटीनंच जातात. पण मालगाडीला काही नाही.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर, म्हणजे वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मालगाडीला काही नाही.

१५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर ३,००० रुपयांत वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पास आला. तोही खाजगी मोटार, जीप, व्हॅनला. मालगाडीला काही नाही.

तीनही वेळा टीव्हीवर पेढे वाटले गेले. मला शहरातल्या मोटारवाल्याचा हेवा नाही. माझी बहीण तिकडंच राहते, तिलाही दिलासा मिळाला. पण तीनही वेळा आपली गाडी का राहिली? माझ्या मते कारण साधं आहे. मोटारवाला स्वतः टोल भरतो, त्याला तो टोचतो आणि तो बोलतो. आपला टोल टेम्पोवाला भरतो, तो भाड्यात धरतो, भाडं पट्टीत बसतं, आणि पट्टी आपण नीट वाचत नाही. वाशीत भाव ठरतो तो तिथल्या आवकेवर. तिथला व्यापारी काही म्हणत नाही की साताऱ्याच्या मालाला टोल लागला, दोन रुपये जास्त देऊ. म्हणजे मालगाडीचा टोल फिरून फिरून बांधावर येतो. भरतो आपण, पण आपण भरतो हे कुठंच लिहिलेलं नाही. पेशवाईतल्या त्या हुंडेकऱ्यामागच्या कुणब्यासारखंच.

काटा इलेक्ट्रॉनिक झाला म्हणजे

ऊसवाल्यांना हे सांगायला नको. साखर कारखान्याचा काटा पूर्वी दांडीचा होता, आता इलेक्ट्रॉनिक आहे. काटा बदलला म्हणून मापात पाप होण्याची भीती आपोआप गेली का? नाही. ती कमी झाली ती काटा तपासायची मागणी झाली, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायचा हक्क मागितला, वजनाची चिठ्ठी हातात आली तेव्हा. काटा चांगला असणं वेगळं आणि काट्याचा आकडा आपल्याला दिसणं वेगळं.

टोलचं तसंच आहे. २००४ मध्ये "किती गाड्या गेल्या ते नक्की सांगता येत नाही" असं कुणी म्हणालं असतं तर एक वेळ मान्य केलं असतं. हातानं पावत्या फाडायचे, चूक होणार. पण आज टॅग असलेल्या प्रत्येक गाडीची नोंद आहे. वेळ, वर्ग, रक्कम, सगळं. सेकंदात आमच्या टेम्पोवाल्याच्या फोनवर मेसेज येतो, मग तोच आकडा नाक्यावरच्या फळ्यावर का येऊ नये?

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबईजवळ ठाणे जिल्ह्यापर्यंत. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा ५ जून २०२५ ला. तिथं चढताना नोंद होते, उतरताना नोंद होते आणि जेवढे किलोमीटर तेवढाच टोल. म्हणजे यंत्राला किलोमीटरपर्यंत हिशोब जमतो. त्या रस्त्याला दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. ज्यांच्या रानावरून रस्ता गेला, त्यांच्या पोरांना तरी कळायला हवं की या रस्त्याचे किती जमा झाले आणि किती राहिले.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो.

पहिली. प्रत्येक नाक्यावर, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात फळा असावा. रस्त्याचा एकूण खर्च किती, आजपर्यंत जमा किती, काल कुठल्या वर्गाच्या किती गाड्या गेल्या, टोल कधी संपणार. आणि एका रस्त्याचा पैसा दुसऱ्या रस्त्याला वळवणार असाल तर तेही त्याच फळ्यावर लिहा. वळवू नका असं मी म्हणत नाही. विचारून वळवा.

दुसरी. पुढच्या वेळी सवलतीचा विचार होईल तेव्हा नाशवंत माल नेणाऱ्या गाडीचा, निदान रिकाम्या परतीचा विचार व्हावा. टॅगमुळं कुठली गाडी किती वाजता परत आली हे यंत्राला माहीतच आहे. म्हणजे जमणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आपले सोसायटीचे, बाजार समितीचे संचालक मतं मागायला येतील तेव्हा हे विचारा.

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली. टेम्पोवाल्याला सांगा, टोलचे मेसेज ग्रुपवर टाकत जा. आमच्या चौघांनी आता तसं ठरवलं आहे. खेप पोचली की तो मेसेजचे फोटो टाकतो, आम्ही पोत्यांच्या हिशोबानं वाटून घेतो. त्यालाही बरं पडलं. परवा म्हणाला, "तात्या, आता कुणी माझ्यावर संशय तरी घेत नाही."

त्यानं मेसेज दाखवले म्हणून साडेचारशे रुपयांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला, आणि त्याची इज्जतही वाढली. हजारो कोटींच्या हिशोबालाही मला दुसरी युक्ती दिसत नाही.

उद्या ऊन पडलं तर वाटाण्याचं रान मोकळं करून नांगरट करायची आहे. ज्वारी की हरभरा, ते अजून ठरलं नाही. तुमच्याकडं टोलचा खर्च पट्टीत कसा धरतात, पोत्यावर की गाडीवर, ते खाली लिहा. माझं काही चुकलं असेल तर हक्कानं सांगा, दुरुस्त करीन.

राम राम.